लाल रेघांचं प्रकरण आणि साठ मोटरसायकली

"लिही," भावोजी म्हणाले. "ज्याच्या नजरेतून सुईच्या नेढ्यातला अंधारही सुटत नाही, ज्याची चाहूल लागताच या शहरातले गुन्हेगार आपल्या पेशाचा फेरविचार करू लागतात, ज्याच्या मेंदूची एक बाजू विचार करते तेव्हा दुसरी बाजू त्या विचारावर संशय घेते, असा मी. लिहिलंस?"

"'असा मी' पर्यंत आलं."

"पुढे. उंची मध्यम, बुद्धी उंच."

मी लिहिलं. उंची मध्यम आहे हे खरं आहे. बाकीच्या मजकुराची जबाबदारी माझ्यावर नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. चोवीस वर्षं त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचले. घराघरात शिरायचं, जिन्याखाली वाकायचं, आकडा उतरवून घ्यायचा आणि निघायचं. मग आकडे आपोआप कचेरीत पोचायला लागले आणि भावोजी घरी पोचले. "मीटर वाचून झाले, आता माणसं वाचतो," असं जाहीर करून त्यांनी ताईच्या मागच्या गॅलरीत, कपड्यांचं मशीन आणि वाळत घातलेल्या चादरी यांच्यामध्ये गुप्तहेर कचेरी उघडली. मीटर खोटं बोलत नाही, आणि आपण चुकीचा आकडा लिहिला तर ते तोंड उघडून सांगतही नाही. माणसांचं तसं नसतं, हे भावोजींना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी त्यांची साहाय्यक आहे. कारण मी कुरियरचं काम करते, माझ्याकडे मोटरसायकल आहे आणि ताईने मला शपथ घातली आहे. "एकटे सोडू नकोस गं त्यांना, कुणीतरी मारेल." आजवर आमच्या नावावर एक सुटलेलं प्रकरण आहे. शेजाऱ्यांची एक चप्पल हरवली होती. तीन दिवस तपास झाला. तिसऱ्या दिवशी ती भावोजींच्याच पायात सापडली. अहवालात 'मुद्देमाल हस्तगत' असं लिहिलं आहे.

तर बुधवारी दुपारी गॅरेजवाला मिस्त्री गॅलरीत आला. माझ्या गाडीचा क्लच तोच बसवतो. चांगला कारागीर आहे. म्हणूनच इथपर्यंत यावं इतका तो हताश झालाय हे पाहून मला वाईट वाटलं.

"प्रकरण नाजूक आहे, साहेब," तो म्हणाला.

"सगळी प्रकरणं नाजूक असतात," भावोजी म्हणाले. "मी हात लावेपर्यंत."

मिस्त्रीने सांगितलं ते असं. येत्या रविवारी सकाळी तो मोटरसायकल फेरी काढणार होता. गॅरेजपासून शहरभर फिरून मावशींच्या निवाऱ्याच्या फाटकापर्यंत. ही मावशी कुणाचीच सख्खी नाही आणि सगळं शहर तिला मावशी म्हणतं. जुन्या बर्फाच्या कारखान्यामागे तिने जनावरांचा निवारा चालवलाय. सत्तर-बहात्तर जीव. गाडीखाली आलेली कुत्री, पोत्यात बांधून फेकलेली मांजरं, एक आंधळं खेचर, आणि 'आम्ही नव्या घरी राहायला जातोय' या आजाराने बेघर झालेली बरीच मंडळी. हा आजार मालकाला होतो आणि मरतं जनावर.

"पशुखाद्याच्या कारखानदाराने शब्द दिलाय," मिस्त्री म्हणाला. "साठ किंवा जास्त गाड्या फाटकापर्यंत पोचल्या तर गाडीमागे एक पोतं खाद्य. एकोणसाठ आल्या तर एकही नाही."

"साठच का?" मी विचारलं.

"त्याच्या फोटोवाल्याने सांगितलं. साठच्या खाली रस्ता रिकामा दिसतो म्हणे."

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. दानशूर माणसांबद्दल मी बोलायला लागले की ताई मला आत पाठवते.

"आणि नाही मिळालं खाद्य, तर?"

"कोठीत नऊ दिवसांचं उरलंय. मावशी म्हणाली, फेरी फसली तर सोमवारपासून फाटकावर पाटी. नवीन जनावर घेतलं जाणार नाही. पाटी रंगवून ठेवलीय तिने. मी बोट लावून पाहिलं, अजून ओली होती." मिस्त्रीने चहाचा कप फिरवला. "अडुसष्ट जणांनी नावं दिली होती. सोमवारपासून वहीतल्या नावांवर लाल रेघा पडायला लागल्या. कोण मारतं, कधी मारतं, माहीत नाही. आजपर्यंत एकोणीस नावं गेली. उरली एकोणपन्नास."

"त्यांना फोन केलास?" मी विचारलं.

"मी फोन केला की लोकांना वाटतं सर्व्हिसिंगची आठवण करतोय. उचलत नाहीत."

"मग मावशींना विचार."

"नको," मिस्त्री घाईने म्हणाला. "तिला यातलं काही कळता कामा नये. आधीच तिचं जेवणावर लक्ष नाही. रेघा दिसल्या तर खचेल."

भावोजींनी डोळे मिटले होते. ते विचार करतायत की झोपलेत हे मला अजून ओळखता येत नाही. मग ते म्हणाले, "साहाय्यक, गाडी काढ."

निवाऱ्याच्या फाटकाच्या खांबाला खिळा, खिळ्याला सुतळीने बांधलेली वही, वहीला दुसऱ्या सुतळीने बांधलेलं निळं पेन. वही निवाऱ्याचीच होती. नवीन आणायची राहिली तेव्हा मावशीने आपल्याकडची जनावरं नोंदवायची एक कोरी वही देऊन टाकली. त्यामुळे रकाने छापलेलेच होते: नाव, रंग, अंदाजे वय, चावतो का, कुठे सापडला. आणि आपली माणसं इतकी आज्ञाधारक, की रकाना दिसला की भरतात. बँकेतल्या कॅशियर बाईंनी रंग 'गव्हाळ' लिहिला होता. दातांच्या डॉक्टरने 'चावतो का' समोर लिहिलं होतं, 'नाही, उलट मलाच चावतात.' सलूनवाला 'दुकानात, मंगळवार सोडून' सापडला होता. माझं स्वतःचं नाव बाविसावं. 'चावते, कारण असल्यास.'

भावोजींनी ताईचं सुईत दोरा ओवायचं भिंग काढलं.

"रेघ पट्टीने मारलीय," ते म्हणाले. "रागातली रेघ वाकडी जाते. ही थंड डोक्याची आहे. फाटकावरचं पेन निळं, रेघ लाल. म्हणजे लाल पेन गुन्हेगाराच्या खिशात आहे. आता सांग, पट्टी कुणाकडे असते?"

"शाळेतल्या मुलांकडे."

"आणि?"

त्यांनी सावकाश मान वळवली. फाटकासमोर शिंप्याचं दुकान होतं.

तेवढ्यात आतून मावशीची हाक आली. "पोरी, पार्सल आहे का कुणाचं?"

"नाही मावशी, सहज आले."

"सहज आलीस तर ये, याचा पाय धर."

मी आत गेले आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याचा पाय धरला. मावशी जखम धूत होती. कुत्रं माझ्याकडे बघून गुरगुरलं, मावशी त्याला म्हणाली, "कारण नसताना नाही," आणि ते गप्प झालं. मला वाटलं, आत्ता विचारावं. चार शब्द तर लागतात. पण कुंपणापलीकडून भावोजी माझ्याकडे बघून बोट ओठावर ठेवून उभे होते, आणि एक शेळी मागून त्यांच्या खिशातली टिपणवही खात होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सरळ विचारू या की मावशीला."

"अशिलाने मनाई केलीय. आणि शास्त्रातही मनाई आहे. माणसाला सरळ प्रश्न विचारला की तो सरळ उत्तर देऊन मोकळा होतो, आणि तपास तिथेच संपतो."

मग आम्ही शिंप्याकडे गेलो.

"या कुत्र्यांचा त्रास होतो तुम्हाला?" भावोजींनी विचारलं.

"होतो."

"भुंकतात?"

"कुत्री आहेत. गाणार आहेत का?"

"पट्टी आहे तुमच्याकडे?"

शिंप्याने गळ्यातली टेप, हातातली कात्री आणि टेबलावरची लाकडी पट्टी यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं, मी काय विकतो? मासे?"

"लाल पेन?"

"खडू आहे. पांढरा."

"म्हणजे लाल पेन लपवलंय," भावोजी मला म्हणाले. हळू आवाजात, पण त्यांचा हळू आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो. "रविवारपर्यंत शहर सोडून जायचं नाही."

शिंप्याने मशीन थांबवलं. मशीनवर कापडाचे चौकोन होते, त्यावर शिवलेले आकडे. फेरीतल्या स्वारांनी छातीवर बांधायचे. अडुसष्ट. कुणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून शिवत होता.

"माझी जुनी मोपेड आहे," तो म्हणाला. "त्रेपन्न नंबरला नाव दिलंय मी. आता काढा ते. आणि हे आकडेही घेऊन जा."

गठ्ठा माझ्या छातीवर आदळला. आमच्या तपासाने पाडलेली पहिली खरी विकेट. रेघेशिवाय.

"चोराच्या मनात," भावोजी सुरू झाले.

"भावोजी, गाडीवर बसा."

गुरुवारी रेघा सत्तावीस झाल्या आणि भावोजींच्या डोक्यात नवा सिद्धान्त आला. लोक आपणहून मागे हटत नाहीत, त्यांना धमकावलं जातंय. "कुणीतरी एकेकाला गाठतंय," ते म्हणाले. "पीडितांशी बोललं पाहिजे."

पीडित क्रमांक एक म्हणजे सलूनवाला. भावोजी खुर्चीत बसले, गालाला साबण लागला, आणि वस्तरा गळ्याजवळ असताना त्यांनी उलटतपासणी सुरू केली. एवढं धाडस मात्र मी मान्य करते.

"फेरीतून नाव का काढलंत?"

"मी कुठे काढलं? येतोय की मी."

"कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याने तुम्हाला असं बोलायला लावलं."

सलूनवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. बाकावर नंबर लावून बसलेल्या चार जणांची वर्तमानपत्रं एकदम खाली आली.

"घाबरू नका," भावोजी म्हणाले. "रविवारी काय होणार आहे याची मला पूर्ण कल्पना आहे."

"काय होणार आहे?"

"तपास चालू आहे. सांगता येत नाही."

वस्तरा थांबला. अर्धी दाढी झालेले भावोजी मोठ्या समाधानाने माझ्याकडे बघत होते.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "तो येतोय म्हणाला."

"भीतीने."

"हसत हसत म्हणाला."

"भीतीचा तो सगळ्यात वाईट प्रकार."

त्या दिवशी आणि शुक्रवारी मिळून आम्ही रेघ पडलेल्या तीसेक जणांना गाठलं. प्रत्येक जण म्हणाला, येतोय. प्रत्येकाला भावोजींनी विचारलं, "नक्की? रविवारी जे होईल ते झेपेल?" आणि दार लागताना प्रत्येकाचा चेहरा दार उघडतानाच्या चेहऱ्यापेक्षा वेगळा होता. माझी पार्सलं डिकीत पडून होती. एका बाईंचं औषध दीड दिवस उशिरा पोचलं, त्यांनी मला जे सुनावलं ते मला लागू होतं.

दातांच्या डॉक्टरकडे मात्र धागा मिळाला. भावोजी त्या खुर्चीतही बसले. खुर्ची दिसली की ते बसतात.

"काय चाललंय काय?" डॉक्टर वैतागून म्हणाला. "सकाळीच तर फोनवर सांगितलं, नक्की येतो म्हणून."

"फोन," भावोजी उठून बसले. "आवाज कसा होता?"

"बाईचा. मागे कुत्री भुंकत होती."

"किती?"

"मोजली नाहीत हो. भरपूर."

"शिकारी कुत्री पाळणारी टोळी," भावोजी मला म्हणाले.

"भावोजी," मी म्हटलं, "ती मावशी आहे."

मग त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पसरला तो पाहून मला माझ्याच जिभेचा राग आला.

शनिवारी सकाळी सहा वाजता आम्ही निवाऱ्याच्या कुंपणामागे होतो. मावशी पिंजऱ्यांसमोरच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर वही, कानाला फोन. आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते. फोन ठेवला, एप्रनच्या खिशातून लाकडी पट्टी काढली, लाल पेन काढलं, आणि एका नावावर सरळ, शांत रेघ ओढली. मग पुढचा फोन. पुन्हा रेघ. असं सात वेळा.

"बघितलंस," भावोजी कुजबुजले. "फोन करते, परावृत्त करते, नाव खोडते. हिला निवारा बंदच करायचाय. बहात्तर तोंडं, एकटी बाई. दमलीय. पण स्वतः बंद केला तर लोक नावं ठेवतील. म्हणून फेरी फसवायची."

मला त्यांना वेडं ठरवायचं होतं, पण ठरवता येईना. कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि कारण कुणी दमलं तर ते मला समजण्यासारखं होतं. लाज वाटते सांगायला, पण दहा मिनिटं मी त्या माणसावर विश्वास ठेवला. मावशीवर नाही, भावोजींवर.

दहा वाजता भावोजींनी सगळ्यांना गॅरेजमध्ये जमवलं. मिस्त्री होता, हात पुसायचं फडकं हातातच. मावशी आली, तिला वाटलं फेरीच्या रस्त्याबद्दल काही ठरवायचं आहे. आणि ताई आली, कारण तिचं भिंग तीन दिवस गायब होतं आणि तिच्या सगळ्या बटणांचं काम अडलं होतं.

भावोजी टायरच्या ढिगावर चढले. "या खोलीत एक व्यक्ती अशी आहे," ते म्हणाले, "जिने विश्वासाचा घात केलाय." आणि सगळं सांगितलं. पट्टी, पेन, फोन, दमलेली बाई, बंद करायचा निवारा. शेवटी एक्केचाळीस रेघांची वही मावशीसमोर धरली.

मावशी ज्या नजरेने भावोजींकडे बघत होती ती मी आधी पाहिली होती. पोत्यात बांधलेलं मांजर आणून देणाऱ्याकडे ती तशीच बघते. मिस्त्री खाली बघून फडकं पिळत होता.

ताईने नवऱ्याच्या हातातून वही घेतली, भिंगही घेतलं.

"मावशी," ती म्हणाली, "या रेघा कसल्या हो?"

"नक्की झाल्याच्या," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"आमच्याकडे जनावर आलं की नाव लिहायचं. कुणी घरी न्यायला तयार झालं, पक्कं झालं, की नावावर लाल रेघ. घर मिळालं. आता त्याची काळजी करायची नाही. सकाळी वही उघडली की मी फक्त बिनरेघेची नावं वाचते. बावीस वर्षांची सवय आहे." तिने वहीवर बोट ठेवलं. "लोकांचंही तसंच केलं. रोज पहाटेचं काम उरकून आठ-दहा जणांना फोन करायचा. येणार नक्की? नक्की म्हणाला, मारली रेघ. जनावरांचे डॉक्टर म्हणतात, रेघ पट्टीनेच मारा, नाहीतर खालचं नाव वाचता येत नाही."

मिस्त्रीने ताईच्या हातातली वही घेऊन रेघा मोजल्या.

"म्हणजे एक्केचाळीस जण पक्के होते," मिस्त्री म्हणाला.

"होते," मावशी म्हणाली. "काल संध्याकाळपासून मला उलटे फोन येतायत. मावशी, माफ कर, रविवारी काहीतरी होणार आहे म्हणतात, आम्ही नाही येत. कोण सांगतं, विचारलं, तर म्हणे एक मध्यम उंचीचा माणूस घरोघर फिरतोय."

"किती गेले?"

"तेवीस. मला वाटलं, फेरी नको असलेलं कुणीतरी फिरतंय. मिस्त्रीला सांगणार नव्हते, तो आधीच झोपत नाही."

चार दिवस. मिस्त्री तिला सांगत नव्हता, ती मिस्त्रीला सांगत नव्हती, आणि मी पाय धरायला बसले असताना तोंड मिटून बसले होते. ताईला हे सोडवायला एक प्रश्न लागला. तोही भिंग न्यायला आली होती म्हणून.

भावोजी टायरवरून उतरले. उतरताना एक टायर घरंगळत गेला, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"अहो," ताई म्हणाली, "ज्या ज्या दारात जाऊन आलात, तिथे आत्ता परत जा. आणि सांगा, माझी चूक झाली."

"तपासाची दिशा बदलली आहे, असं म्हटलं तर?"

ताईने फक्त पाहिलं.

शनिवारभर आम्ही फिरलो. पहिल्या दारात भावोजी म्हणाले, "नव्या पुराव्यांच्या प्रकाशात," आणि पुढे त्यांचं गाडं अडकलं, म्हणून मी म्हटलं, "यांची चूक झाली. उद्या काही होणार नाही. या." चौथ्या दारापासून ते स्वतः म्हणायला लागले. सातव्या दारात खुर्ची दिसूनही ते बसले नाहीत. मी त्यांना पाणी दिलं. शिंप्याने ऐकून घेतलं, आकड्यांचा गठ्ठा माझ्याकडून परत घेतला आणि दुकानाचं शटर ओढलं.

"म्हणजे उद्या काहीच होणार नाही?" लोक विचारत होते.

"काहीच नाही."

"बघा हं. तुम्ही म्हणताय म्हणून." आणि बघत राहायचे आमच्याकडे, आम्ही जिना उतरेपर्यंत.

संध्याकाळी हिशेब केला. परत येतो म्हणाले नऊ. पक्के उरलेले अठरा. सत्तावीस. बिनरेघेची मंडळी फोन उचलत नव्हती. मावशीने 'बरं' म्हटलं आणि पाटीला भोकं पाडायला सुतळी आणि खिळा घेऊन बसली.

रविवारी सात वाजता गॅरेजसमोर एकतीस गाड्या होत्या. कारखानदार गाडीतून उतरला, फोटोवाल्याने रस्ता बघून तोंड वाकडं केलं. सव्वासातला चौतीस. मिस्त्री प्रत्येक गाडीचे टायर दाबून बघत होता, हवा पाहण्यासाठी नाही, कुणाकडे बघायला लागू नये म्हणून.

मग सलूनवाला आला. आणि त्याच्या मागे तो सगळा रस्ता आला.

झालं होतं असं. बाकावरच्या त्या चार जणांनी घरी सांगितलं, घरच्यांनी शेजारी सांगितलं. शुक्रवारपर्यंत बातमी अशी होती की फेरीत एक फरारी दरोडेखोर पकडला जाणार आहे. काहींच्या मते निवाऱ्यातून अस्वल सुटणार होतं. तरी बरेच लोक दोलायमान होते. पण शनिवारी दोन माणसं 'उद्या काहीही होणार नाही' एवढंच सांगायला घरोघर फिरली, आणि मग कुणाच्या मनात शंकाच उरली नाही. जे भिऊन मागे हटले होते तेही आले, कारण सगळे जातायत आणि आपणच घरी बसलो तर पुढचं वर्षभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागेल. काही जण भावाच्या गाड्या मागून घेऊन आले होते. एक जण गॅसची टाकी पोचवायची तिचाकी घेऊन आला होता, मिस्त्रीने तीही धरली.

एकशे चौदा.

शिंप्याचे आकडे अडुसष्टवर संपले. तो मोपेडवरून उतरला, खिशातून पांढरा खडू काढला आणि पुढचे आकडे लोकांच्या पाठीवर लिहायला लागला. भावोजींच्या पाठीवर त्याने बराच वेळ काहीतरी लिहिलं. तो आकडा नव्हता. मी वाचलं आणि पुसलं नाही.

फेरी छान झाली. काहीच झालं नाही. एकशे चौदा माणसं अख्ख्या शहरातून आजूबाजूला बघत, मागे वळून बघत, प्रत्येक वळणावर हळू होत गेली, आणि त्यामुळे इतकी शिस्तशीर फेरी वाहतूक पोलिसांनी जन्मात पाहिली नव्हती. आता तुम्ही म्हणाल, लोक शेवटी जनावरांसाठी आले, हे काय कमी आहे. मला खोटं बोलता येत नाही. जनावरांसाठी चौतीस आले होते. बाकीचे ऐंशी तमाशासाठी आले होते. पोत्यांना ते कळत नाही, एवढीच सोय.

फाटकाशी कारखानदाराने माइक हातात घेतला. आकडा ऐकून त्याने घसा खाकरला. "आपण साठ पोती ठरवली होती," तो म्हणाला.

"गाडीमागे एक म्हणालात," मावशी म्हणाली. वही तिच्या हातात होती.

"साठ हा आकडा..."

तेव्हा मागची सगळी माणसं दोन पावलं पुढे सरकली. रागाने नाही. सकाळपासून जे होणार होतं ते अखेर होतंय असं वाटून, डोळ्यांत आशा घेऊन. कारखानदाराने त्या चेहऱ्यांकडे पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं, आणि एकशे चौदा म्हणाला.

"योजनेप्रमाणे," भावोजी मला म्हणाले. "गर्दीचं मानसशास्त्र. लिही." ताईने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

दुपारी चारला पोती उतरवून झाली. गर्दी निराश होऊन केव्हाच पांगली होती. भावोजी कोठीत पोती रचत होते, कुणी न सांगता. मी फाटकाशी, कारखानदाराने फेरीसाठी छापून आणलेल्यातले उरलेले टी-शर्ट घडी करत होते, तेव्हा एक माणूस आला. फेरीत पहिल्या रांगेत होता तो, अंगात अजून फेरीचाच शर्ट, छातीवर सदतीस. हातात साबणाच्या पावडरीचा खोका, चिकटपट्टीने बंद केलेला. आत काहीतरी हलत होतं.

"मांजरीची पिल्लं आहेत," तो म्हणाला. "पाच. घरात नवीन सोफा आलाय, पांढरा."

मावशीने खोका घेतला. वही उघडली, रंग विचारला, वय विचारलं. तो सांगत गेला. लिहून झालं तरी तो उभाच.

"अजून काही?"

"हा शर्ट जरा आवळतो. मोठ्या मापाचा आहे का?"

मी घडी केलेला शर्ट खाली ठेवला. मला काय काय म्हणायचं होतं त्याची मी मनात जुळवाजुळव करत होते आणि ते बरंच चांगलं जुळत होतं.

"पोरी," मावशी म्हणाली. "पाटी लागली असती तर हा इथे आला नसता. नाल्याच्या पुलावर थांबला असता. मोठा शर्ट दे त्याला." ती चिकटपट्टी नखाने सोडवत होती. "आणि कात्री आण लवकर. खोक्याला एकही भोक पाडलेलं नाही."

मी आधी कात्री आणली. मग शर्ट दिला. पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'मुक्या जिवांसाठी'. त्याने तो तिथेच अंगाला लावून पाहिला, खांदे मापले आणि म्हणाला, हा बरोबर बसेल.